गावाचं स्वतःचं चॅनेल

प्रश्न : नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातल्या आमच्या गावासाठी नागपूरच्या कळमना बाजाराचे भाव, ग्रामसभा, भजनं दाखवणारं चॅनेल काढायचं आहे. टॉवर उभारावा का?

उत्तर : टॉवरच्या वाटेला जाऊ नका. टॉवरवरून टीव्ही प्रक्षेपण फक्त प्रसार भारती करते; परवानगीशिवाय ट्रान्समीटर लावणं गुन्हा आहे. मार्ग केबलचाच. तुमच्या केबलवाल्याला सिग्नल देणारा एमएसओ (मल्टी सिस्टीम ऑपरेटर, म्हणजे मोठा केबल पुरवठादार) गाठा. २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार असं स्थानिक चॅनेल त्याच्याच नावावर नोंदवलं जातं. शुल्क प्रति चॅनेल १,००० रुपये. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर तो एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला हवा, हे आधीच विचारून घ्या. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं.

सामान थोडंच लागतं: कॅमेरा, कॉलर माईक, संगणक, एचडीएमआय एन्कोडर (चित्र-आवाज केबलवर पाठवण्याजोगा करणारं यंत्र), यूपीएस. एन्कोडरपासून हेडएंडपर्यंत, म्हणजे जिथून केबलचा सिग्नल सुटतो त्या केंद्रापर्यंत, फायबरच टाका. तांब्याच्या तारेतून आकाशातल्या विजेचा झटका येऊ शकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात यंत्र जळू शकतं. नागपूरच्या उन्हाळ्यात एन्कोडर बंद कपाटात ठेवला तर तापून अडकतो. त्याला पंखा द्या.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि मोबाइलचा कॅमेरा सहसा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो. सेटिंगमध्ये २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष आवाजाकडे द्या. अंधूक चित्र लोक चालवून घेतात, पण सभेतलं बोलणं कळलं नाही की चॅनेल बदलतात. सिनेमाची गाणी परवान्याशिवाय लावू नका.