बास्क कवितास्पर्धेत जिंकणाऱ्याला टोपी का घालतात?

कारण स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क प्रदेशातल्या भाषेत ‘विजेता’ या शब्दातच टोपी आहे. लोकरीच्या सपाट, गोल टोपीला तिथे ‘चापेला’ म्हणतात आणि विजेत्याला ‘चापेल्दुन’, म्हणजे शब्दशः टोपीवाला. मोठ्या आकाराची, नक्षीने नाव-वर्ष भरलेली चापेला हाच मानाचा किताब. तिथल्या टोलोसा गावात १८५८ पासून या टोप्या बनतात. आधी सैल विणायची, मग गरम पाण्यात आटवून घट्ट करायची.

पण खरी गंमत डोक्यावरच्या टोपीपेक्षा डोक्यात जे चालतं त्यात आहे. या स्पर्धेत तिथल्या तिथे कविता रचून गाणाऱ्या शीघ्रकवीला ‘बेर्त्सोलारी’ म्हणतात. वाद्य नाही, कागद नाही. सूत्रसंचालक तिथल्या तिथे विषय देतो, कवी काही क्षण गप्प उभा राहतो आणि ठरलेल्या चालीवर गायला लागतो. अक्षरं मोजून, यमक शेवटपर्यंत एकच. त्यांची युक्ती मला फार आवडते: शेवटची ओळ आधी ठरवायची, कारण घाव तिथेच घालायचा असतो, आणि मग पहिल्या ओळीपासून तिच्याकडे चालत जायचं. जाणकार श्रोत्यांना यमकावरून शेवट कळतो आणि अख्खं सभागृह ती ओळ कवीबरोबर गातं.

मुख्य स्पर्धा साधारण चार वर्षांनी होते; पहिली १९३५ साली झाली. २००९ मध्ये मायालेन लुहान्बिओ ही चापेला मिळवणारी पहिली स्त्री ठरली, आणि पुढे २०१७ व २०२२ मध्येही तिनेच ती जिंकली. यूट्यूबवर तिचं गाणं जरूर ऐका. भाषा कळली नाही तरी ओळ सुचण्याआधीची ती शांतता अंगावर येते.