हातवारे करून बोललं की माझ्या ऑटिस्टिक मुलाला जास्त कळतं, की त्याचा गोंधळ होतो?

तुमचा पाच वर्षांचा मुलगा तुमच्या हातांकडे बघत राहतो आणि शब्द निसटून जातात, असं तुम्ही लिहिलंय. मी स्पीच थेरपिस्ट आहे, असं बरंच बघते. त्याचं लक्ष नाही असं कृपया समजू नका.

‘एवढ्ढा मोठा भोपळा’ म्हणताना ‘भोपळा’ ओठांवर यायच्या आधीच आपले हात पसरलेले असतात. ऐकणारा ते दोन्ही एकाच दमात घेतो. 2010 मध्ये अमेरिकेत 19 ऑटिस्टिक आणि 20 इतर किशोरवयीन मुलांवर एक प्रयोग झाला. पडद्यावर चार आकार, त्यातल्या एकाचं वर्णन करणारी व्यक्ती, आणि मुलांची नजर कुठे जाते त्याची नोंद. हातवाऱ्यांमुळे इतर मुलांची नजर बरोबर आकारावर लवकर पोचली. ऑटिस्टिक मुलांना मात्र त्यांची अडचणच झाली. नुसते शब्द किंवा नुसते हातवारे समजण्यातल्या कमतरतेमुळे हे झालं नव्हतं. अडलं ते दोन्ही जुळवताना.

2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारे स्कॅन, काढले. बोलण्याच्या ठेक्यावर हलणारे हात बघताना इतर मुलांच्या मेंदूचा कानशिलामागचा, ऐकलेलं-पाहिलेलं जुळवणारा भाग अधिक जागा झाला. ऑटिस्टिक मुलांमध्ये त्याऐवजी दृष्टीचा भाग. म्हणजे हात दिसत होते, पण बोलण्यात मिसळत नव्हते.

हे गटांचे निष्कर्ष आहेत, पहिला तर मोठ्या मुलांचा. तुमचा मुलगा तसाच असेल असं नाही. तरी घरी करून बघा: आधी हात दाखवा, त्याची नजर आली की थांबा, मग एकच शब्द. ‘चल, बूट घाल, उशीर होतोय’ असं बोलत सोबत तीन हातवारे नकोत. कुठला क्रम त्याला सोपा जातो ते आठवडाभर वहीत टिपा आणि तुमच्या थेरपिस्टना दाखवा.

हातवारे बंद मात्र अजिबात करू नका, आणि त्याचे तर नाहीच नाही. मूल हाताने जे दाखवतं त्याचं नाव पालकांनी म्हटलं की तो शब्द पुढे त्याच्या बोलण्यात येण्याची शक्यता वाढते, आणि हे ऑटिस्टिक मुलांमध्येही दिसलंय. तो तुमचा हात धरून फ्रिजपाशी नेतो ना? तिथेच, हात न सोडवता, म्हणा: ‘दूध.’