‘उदारमतवाद’ वाचायला घेतोयस ना?
साताऱ्याच्या आपल्या अभ्यासमंडळात तू नवा, म्हणून सांगतो: व्याख्या पाठ करू नकोस, आधी साल बघ. १८१२ च्या स्पेनमध्ये लिबरल, म्हणजे उदारमतवादी, हे राजाला राज्यघटनेचा लगाम घालणारे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या पंतप्रधान ग्लॅडस्टनचा लिबरल पक्ष सरकारी खर्चाला कात्री लावायचा. त्याच पक्षाने १९०८ मध्ये म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन दिली. इथे घाई करू नकोस, खरी मेख इथेच आहे: गरिबीने जखडलेल्याला स्वतंत्र कसं म्हणायचं? आपल्याकडे १९९१ चं ‘उदारीकरण’ मात्र बाजार खुला करणारं. आणि कराडजवळच्या टेंभूत जन्मलेले आगरकर आधी वाच. १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढून ते नुसत्या सरकारशी नाही, घरातल्या रूढींशीही भांडले. मला तेच जास्त अवघड वाटतं.