फोटो बघून जमतं, मनाने का नाही?

प्रश्न : ताई, मी घरीच ड्रॉइंग शिकतेय. फोटो बघून चेहरा बरा जमतो पण मनाने काढला की चपटा दिसतो. आधी अ‍ॅनाटॉमी (शरीराची रचना) करू, पर्स्पेक्टिव्ह (जवळ-लांब दाखवणं) की शेडिंग (उजेड-सावली)?

उत्तर : अ‍ॅनाटॉमी सध्या राहू दे गं. फोटो कॉपी करताना तू नुसत्या कडा उतरवतेस, वस्तूला मागची बाजू पण असते हे हाताला माहीतच नसतं. आधी खोके काढ, वेगवेगळ्या कोनातून, आणि न दिसणाऱ्या कडासुद्धा फिकट काढ, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे झुकतायत की फाकतायत ते लगेच कळतं (झुकायला हव्यात, सुरुवातीला फाकतातच). मग सिलिंडर, गोळा. शेडिंगसाठी एक अंडं एकाच दिव्याखाली ठेव, डोळे किलकिले करून बघ, सावलीतला सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो, कारण टेबलावरून उजेड परत येऊन कड जरा उजळते. तेवढं पकडलंस की गोलाई दिसायला लागते. बोटाने घासू नकोस प्लीज, सगळं धुरकट होतं. फोटो सोडायची गरज नाही, फक्त चित्र झालं की फोटो झाकून तेच डोकं जरा वळवून काढून बघ.