मारामारी, हाणामारी की मारधाड?

प्रश्न असा आहे: कुंग फू-कराटेच्या सिनेमाला 'मारधाडपट' म्हणणं बरोबर का? आणि 'मारामारी', 'हाणामारी' एकच ना?

मला 'मारधाड' पटत नाही. मराठी कानाला 'धाड' म्हटलं की छापा आठवतो, आणि धाड पडते ती एकाची दुसऱ्यावर. या सिनेमांची मजा नेमकी उलटी. ठोसा गेला की ठोसा परत यायलाच हवा. ही परतफेड 'मारामारी'च्या घडणीतच आहे. गुद्दागुद्दी, ढकलाढकली, ओढाओढी, झोंबाझोंबी हे सगळे त्याच साच्यातले. गुद्दा एकटाही मारू शकतो. गुद्दागुद्दीला दोघं लागतात.

संस्कृतात असेच शब्द आहेत आणि त्यांच्यासाठी पाणिनीचं चक्क सूत्र आहे. एकमेकांचे केस धरून चाललेली लढाई ती केशाकेशि. एकमेकांना काठ्यांनी बडवून चाललेली ती दण्डादण्डि. अट एकच, दोन्हीकडे वस्तू सारखी हवी. म्हणजे जॅकी चॅननं शिडी उचलली आणि समोरच्याच्या हातात काठी असली, की समास बसत नाही. पडद्यावर मात्र झकास बसतो!

'हाणामारी'त 'हाणणे' आणि 'मारणे' जोडले गेलेत. हाणणे संस्कृत 'हन्'वरून आलेलं. हा शब्द गर्दीचा. बातम्यांत 'दोन गटांत हाणामारी' होते, कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नसतो. मग नायकाभोवती वीस जण जमले तर ती हाणामारी म्हणायची का? माझ्या मते नाही. ते वीस जण इतके शिस्तीचे असतात की पाळीपाळीनं पुढे येतात, बाकीचे मागे हातवारे करत थांबतात. त्या वीस मारामाऱ्याच झाल्या.

एक अडचण आहे. टंचाईलाही आपण मारामारी म्हणतो ('पाण्याची मारामारी'), आणि 'मारामारीपट' तोंडात बसत नाही. मग 'मारामारीचा सिनेमा' म्हणावं, सुटसुटीत.

'हातघाई' कुणी सुचवेल. कराटेला तो शोभतो, कारण 'कराटे'चा अर्थच रिकामा हात. (पूर्वी त्यातलं 'कारा' चीनदर्शक चिन्हानं लिहीत, पुढे त्याच उच्चाराचं 'रिकामा' अर्थाचं चिन्ह रूढ झालं.) पण 'हातघाई'त घाई ऐकू येते, आणि चिनी भाषेत 'कुंग फू' म्हणजे मुळात वेळ आणि मेहनत घालून कमावलेलं कसब. निगुतीनं चहा करण्याच्या पद्धतीलाही तिथे हाच शब्द लावतात.