युटाच्या लीहाय शहरात येताय तर आधी पणजीची गोष्ट लिहून घ्या

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना अमेरिकेत युटा राज्यात, लीहाय शहरात जॉब लागलाय, लेक तिथे चौथीत जाणार, आणि तिकडच्या फोटोंमधे जिथेतिथे मधमाश्यांचं पोळं का दिसतं. व्हिसा, घरभाडं वगैरे कंपनीवाले सांगतीलच, मी पोळ्याचंच सांगते, कारण त्या विषयाने माझं अजून दुखतं.

२४ जुलै १८४७ ला ब्रिगहॅम यंग हे पुढारी मॉर्मन या ख्रिश्चन पंथाच्या लोकांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आधीच्या गावांमधून हाकलून दिलेली माणसं, बैलगाड्यांबरोबर हजार मैल चालत आली. नंतर १८५६ पासून ज्यांना बैल परवडत नव्हते ते हातगाडी ओढत आले. त्यांच्या धर्मग्रंथात डेझरेट म्हणजे मधमाशी, राज्याला पण त्यांना तेच नाव हवं होतं, म्हणून पोळं, सगळ्यांनी मिळून राबायचं. हायवेच्या पाट्यांवर पोळं, २०२४ पासून नव्या झेंड्यावर पण पोळं. सेगो लिली हे राज्यफूल, कारण उपासमारीत तिचे कंद खाऊन लोक जगले. मला हे सगळं खरंच आवडतं.

पण आपली युटा काउंटी (जिल्हा) म्हणजे प्रोव्हो, लीहाय हा भाग, इथे १८४९ ला मॉर्मन लोकांनी फोर्ट युटा हा किल्ला बांधला तो इथल्या मूळच्या टिंपनोगस यूट लोकांच्या मासेमारीच्या नदीवर, आणि फेब्रुवारी १८५० मधे मॉर्मन मिलिशियाने, म्हणजे हत्यारबंद स्वयंसेवकांच्या दलाने, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मारलं. खिडकीतून रोज दिसतो त्या डोंगराला नाव मात्र त्यांचंच आहे, टिंपनोगस.

कागदपत्रांचं एकच सांगते, जन्मदाखला इंग्रजीत करून घ्या. आमचा ग्रामपंचायतीचा मराठीतला, भाषांतर नोटरी करून दिलं तरी शाळेने दोनदा परत पाठवला, वडलांचं नाव मधे का म्हणून, मी तिथल्या काउंटरवर रडले होते. एकटेपणा येतो आणि जातो, स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं देऊळ आहे, होळीला जा.

तर चौथीत युटाचा इतिहास असतो. माझ्या मुलाला शाळेतून कागद आला, तुमच्या घरातल्या पायोनियर, म्हणजे त्या काळी इथे वसायला आलेल्या, पूर्वजाबद्दल लिहा आणि हातगाडीचं मॉडेल करा. आईस्क्रीमच्या काड्या आणि शर्टाची चार बटणं घेऊन तो माझ्याजवळ आला, आई आपल्यातलं कोण चालत आलं? माझा कॉल चालू होता, म्हटलं आपलं कोणी नाही रे, शेजारच्यांचं लिही. त्याने शेजारच्या आजोबांच्या पणजीचं लिहिलं, वर्गात वाचलं, शाबासकी मिळाली. बाईंचा मला राग आला की असा कागद सगळ्या पोरांना देताच कसा, पण उत्तर तर मी दिलं होतं ना.

आणि ते खोटं होतं. माझी आजी विधवा झाल्यावर संगमेश्वराकडून दोन पोरं घेऊन जयगडपर्यंत चालत गेली, तिथून बोटीने भाऊच्या धक्क्याला, मग परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात वीस वर्षं. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आता तो नववीत आहे, परवा सांगायला बसले तर सगळं ऐकून म्हणाला, तेव्हा का नाही सांगितलंस. मला काही बोलता आलं नाही.

तुमच्या लेकीला नेमकी चौथीच मिळतेय. निघायच्या आधी एक दिवस तिला आजीजवळ बसवा, कोण कुठून कुठे गेलं, बरोबर काय नेलं, सगळं लिहून घ्या, आणि फोटो असेल तर हँडबॅगमधे ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.