पहिला क्वेझार बघायचाय? ३सी २७३ पासूनच सुरुवात कर

क्वेझार म्हणजे फार लांबच्या आकाशगंगेचा प्रचंड तेजस्वी गाभा, आणि ३सी २७३ हे त्यातल्याच एकाचं नाव. अरे आधी एक सांगतो, नेटवरच्या फोटोतले झगमगते भोवरे डोक्यातून काढून टाक, ती बहुतेक चित्रकाराची कल्पना असते, तुला दिसणार फक्त एक फिकट ठिपका. पण तो ठिपका साधारण दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे हे कळलं ना की अंगावर काटा येतो राव!

३सी २७३ कन्या राशीत आहे, एप्रिल-मे मधे रात्री नऊ-दहाला आपल्याकडून चांगला वर येतो. याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं फिकट) साधारण १२.९, म्हणजे दुर्बिणीचा आरसा निदान आठ इंची हवा, चंद्र नको आणि शहरापासून लांब जायचं, गच्चीवरून उगाच डोळे फोडून घेऊ नकोस. कन्या राशीतल्याच ईटा व्हर्जिनिस या ताऱ्यापासून ईशान्येला साडेतीन अंश सरकायचं, आणि स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपवरून आजूबाजूच्या ताऱ्यांचा नकाशा आधीच काढून ठेव, मी पहिल्यांदा नकाशा न घेता गेलो आणि अर्धा तास भलत्याच ताऱ्याकडे बघून खुश होत होतो 😄

तो तारा नाहीये हे १९६३ ला खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांनी ओळखलं, वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा १६ टक्के लाल बाजूला सरकलेल्या निघाल्या, म्हणजे तो आपल्या आकाशगंगेच्या खूप पलीकडे आहे. एवढा उजेड येतो कुठून, तर मधल्या महाकाय कृष्णविवरात पडणारा वायू भोवती फिरताना घर्षणाने प्रचंड तापतो. विवर स्वतः काळंच, चमकतो तो त्याचा घास.

मोठी दुर्बीण लगेच विकत घेऊ नको, आधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघ.